तटस्थ अमेरिका पहिल्या महायुद्धात कशी ओढली गेली : उत्तर लिहिताना या चुका टाळा

जळगावात स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे इतिहासाचे सराव पेपर मी तपासतो. हा प्रश्न आला की बहुतेकांची सुरुवात ठरलेली: 'लुसिटानिया बुडाली म्हणून अमेरिका युद्धात उतरली.' लुसिटानिया म्हणजे जर्मन पाणबुडीने बुडवलेलं ब्रिटिश प्रवासी जहाज.

परवा चोपड्याकडच्या एका मुलाला फळ्यावर दोन तारखा लिहायला लावल्या. लुसिटानिया बुडाली ७ मे १९१५ ला. युद्धाची घोषणा ६ एप्रिल १९१७ ला. त्याने बोटांवर महिने मोजले, तेवीस भरले. "सर, मंग दोन वरीस कसाले थांबनात?" परीक्षकाला याचंच तर उत्तर हवं असतं.

त्या जहाजावर १२८ अमेरिकी गेले, लोक खवळले, तरी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी निषेधाच्या खलित्यांवर भागवलं. १९१६ ची निवडणूकही त्यांनी देशाला युद्धाबाहेर ठेवल्याच्या प्रचारावर जिंकली. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीने व्यापारी जहाजं इशारा न देता बुडवणार नाही, असा शब्द दिला होता. १ फेब्रुवारी १९१७ ला तो मोडला, ब्रिटनकडे जाणारी जहाजं पाणबुड्या पुन्हा इशाऱ्याविना बुडवू लागल्या. तुमच्या उत्तराचा कणा ही तारीख. अमेरिका उतरली तरी तिची फौज पोचेपर्यंत ब्रिटन उपासमारीने गुडघे टेकेल, असा जर्मन नौदलाचा हिशेब होता. हा मुद्दा लिहिणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो, आणि त्याचं वाईट वाटतं.

दुसरी चूक, तटस्थ म्हणजे दोघांपासून सारखंच लांब असं धरून चालणं. गावात दोन भावांचं बांधावरून वाजलेलं असतं. कृषी केंद्रवाला म्हणतो, मी कुणाच्याच बाजूचा नाही. पण थोरल्याने धाकट्याची वाट अडवलेली, त्यामुळे बी-खत जातं ते थोरल्याकडेच, तेही उधारीवर. कपाशी निघेपर्यंत दुकानदाराचा जीव त्याच्याच शेतात अडकतो. ब्रिटिश नाकेबंदीने जर्मनीची वाट अशीच अडवली होती. १९१७ पर्यंत दोस्त राष्ट्रांना अमेरिकेतून दोन अब्ज डॉलरहून जास्त कर्ज गेलं होतं, जर्मनीला अगदी किरकोळ. मात्र 'सावकारांनी युद्ध लावलं' असं लिहू नका. उधारीने कल ठरला; युद्धाची वेळ पाणबुड्यांनी आणली.

जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनच्या तारेची तारीख हमखास चुकते. ती जानेवारी १९१७ मध्ये गेली, अमेरिकी वृत्तपत्रांत छापून आली १ मार्चला. अमेरिकेशी युद्ध झालंच तर मेक्सिकोने जर्मनीला साथ द्यावी, बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवावेत, असा तो प्रस्ताव होता. तार बनावट म्हणणारे होतेच. पण दोन दिवसांत झिमरमनने स्वतःच ती कबूल केली.

युद्धाच्या घोषणेवर सिनेटचं मतदान ४ एप्रिलला, ८२ विरुद्ध ६. प्रतिनिधीगृहाचं ६ एप्रिलला, ३७३ विरुद्ध ५०. अमेरिका स्वतःला दोस्तांचं 'सहयोगी राष्ट्र' म्हणवत होती, 'दोस्त राष्ट्र' नव्हे; तोच शब्द वापरा. पर्ल हार्बर इथे आणू नका. ते ७ डिसेंबर १९४१, दुसरं महायुद्ध.