प्रोजेक्टसाठी आधी ग्रंथपालांना भेटा

विषय मिळाला की बहुतेक विद्यार्थी थेट मोबाईलवर शोधायला लागतात. त्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांकडे जा आणि विषय नेमका सांगा. ‘गोव्यातला खाणव्यवसाय’ एवढ्याने भागत नाही. ‘खाणबंदीनंतर डिचोलीतले ट्रकमालक’ असं सांगितलंत तर त्यांना खरी मदत करता येते. कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचं, सभासद असेल तर लॉगिन मागून घ्या, हजारो ई-जर्नल्स घरबसल्या वाचता येतात. इतकी मोठी सोय पडून राहते याचं फार वाईट वाटतं.

शोधगंगा ही भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांची वेबसाइट तर सर्वांना मोफत खुली आहे. आपल्या विषयाजवळचा एखादा पीएच.डी. प्रबंध उघडा आणि सर्वांत आधी शेवटची संदर्भसूची वाचा. आपण काय वाचायला हवं, याची अर्धी यादी तिथेच मिळते. मग त्यातली पुस्तकं कॉलेजात आहेत का ते बघा. प्रबंधातला मजकूर मात्र उचलू नका.

गोव्याच्या इतिहासावर काम असेल तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जायलाच हवं. त्याची सुरुवात १८३२ सालची. गोव्यातली जुनी वृत्तपत्रं तिथे जपलेली आहेत. अंक चाळताना वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान लगेच वहीत टिपा.