खेड्यातल्या युनिटला माणसं पाहिजेत? आधी पोळा-पाडवा बघा, मग जाहिरात टाका

पुण्याहून नाहीतर नागपूरवरून एचआरवाले येतात, जॉब पोर्टलवर जाहिरात टाकतात, आठ दिवस वाट पाहतात न मग म्हणतात विदर्भातली पोरं आळशी आहेत बाप्पा. माझी यवतमाळ जिल्ह्यात छोटी डाळ मिल आहे, 22 माणसं आहेत, त्यात 13 बाया, आणि पहिली दोन वर्षं मीही हेच म्हणायचो. आता म्हणत नाही, कारण चूक माझ्या हिशोबात होती.

देशाचा आकडा बघा. सरकारच्या रोजगाराच्या पीएलएफएस नावाच्या 2023-24 च्या सर्व्हेत शेकडा 46 च्या आसपास कामकरी माणसं शेतीत आहेत, न देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास. एसीत बसून वाचलं तर वाटते की खेड्यात माणसं नुसती पडून आहेत, फॅक्टरी उघडली की रांग लागन. पण ही माणसं बारा महिने रिकामी नसतात ना भाऊ. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणी, त्याला लागूनच कापूस वेचाई, मग तूर, हरभरा, आणि या दिवसांत तुमच्या गेटवर कुत्रं येत नाही. रिकामी असतात ती होळीनंतर, मृगाचा पाऊस पडेपर्यंत.

म्हणून भरती पाडव्याच्या आसपास करा. आमच्याकडं सालदारही गुढीपाडव्यालाच ठरतो, म्हणजे वर्षभराचं काम कोणाकडं करायचं हा विचार लोकं तेव्हाच करतात, तुम्ही त्या विचारात शिरायला पाहिजे. एप्रिलमध्ये घेतलेला माणूस जूनच्या पेरणीला चार दिवस जाईल, जाऊ द्या. तो ऑक्टोबरमध्ये टिकला की समजायचं हा आपला. सोयाबीनच्या पंधरा दिवसांत मी सरळ पाळ्या लावतो, अर्धे आधी सुट्टीवर, अर्धे नंतर, कारण नाही म्हटलं तरी ते जाणारच आहेत न मग परत यायला लाजतात. पोळ्याला मिल बंद. मेळघाटातली कोरकू माणसं असतील तर होळीला ती गावी जाणार म्हणजे जाणार, डिस्पॅचची तारीख त्या आठवड्यात ठेवू नका.

आता पगार, इथं खरी गोची आहे.

समजा तुम्ही 14,000 म्हणाले. (आधी तुमच्या धंद्याचं किमान वेतन बघून घ्या, त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो.) पीएफ 12 टक्के म्हणजे 1,680 गेले, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पाऊण टक्का म्हणजे 105, पुरुष असेल तर व्यवसाय कर 200. हातात 12,015. बाईला 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही म्हणून तिच्या हातात 12,215. तुमच्या खिशातून वरून पीएफचे 1,680 न ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे 455 जातात ते वेगळे. तिकडं तीच बाई वेचाईला गेली, समजा किलोला 10 रुपये भाव हाय न तिनं 60 किलो वेचला, तर संध्याकाळी 600 रोख, काही कापाकापी नाही. ती दिवाळीत तुमच्याकडं काहून येईल? येईल, पण सीझन संपल्यावरच्या चार महिन्यांचा पगार तिला समजावून सांगितला तर. मी वहीवर बारा महिन्यांचे रकाने पाडून दाखवतो, वावरातली रोजी एका बाजूला न मिलचा पगार दुसऱ्या बाजूला, पावसाच्या न उन्हाळ्याच्या रिकाम्या दिवसांसकट. ते दाखवल्याबिगर कोणी पटत नाही.

"लाडकी बहीणमुळं बाया कामाला येत नाहीत" हे मला पटत नाही. महिन्याचे 1,500 म्हणजे रोजीचे चार-पाच दिवस. त्यापायी कोणी बारा हजार सोडत नाही. भीती दुसरीच आहे. योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, न नवरा-बायको दोघंही 14,000 वर लागले तर वर्षाचे 3 लाख 36 हजार होतात. मग बाई म्हणते, भाऊ मला पीएफ नको, रोख द्या, कागदावर आलो तर सगळं बंद होईल, रेशनही जाईल. ही भीती उगाच नाही, तिला हसू नका. पण 20 माणसं झाली की पीएफ न 10 झाली की ईएसआय लावणं तुमचंच काम आहे, तिनं नको म्हटलं म्हणून तुम्ही सुटत नाही. ईएसआयमध्ये दवाखाना न बाळंतपणाची भरपगारी रजा येते हे सांगा. पीएफमध्ये तुमचा वाटा तिच्याच नावावर जमा होतो, यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) कसा बघायचा ते तिच्याच मोबाईलवर उघडून दाखवा. एकदा पासबुकात आकडा दिसला की अर्धी भांडणं मिटतात.

गाडीचा प्रश्न पगाराएवढाच मोठा. मार्च 2023 पासून बायांना यष्टीत अर्धं तिकीट आहे, त्याचा माझ्यासारख्याला लय फायदा झाला, पण यष्टी ज्या टायमाला येते त्या टायमाला तुमची शिफ्ट पाहिजे. मी 8 ची शिफ्ट साडेआठ केली, अर्ध्या तासात सहा बाया जास्त मिळाल्या, एक रुपया वाढवला नाही. फाट्यापासून आत दोन किलोमीटर असेल तर काळीपिवळीवाल्याशी महिन्याचं ठरवून टाका.

जाहिरात कुठं द्यायची? मशीन ऑपरेटर, फिटर, इलेक्ट्रिशियन पाहिजे तर तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन सरांना भेटा, अप्रेंटिस म्हणून घ्या न नंतर कायम करा. बायांसाठी उमेदचे (सरकारच्या ग्रामीण अभियानाचे) बचत गट. तांड्यावरची माणसं पाहिजे असतील तर आधी नायकाशी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाशी, बोला, डायरेक्ट घरोघरी फिरू नका. आणि मुलाखतीला एकट्याला बोलावू नका, दोघं मिळून येऊ द्या, एकटा माणूस येतच नाही.

माणसं पुरवणारा मुकादम मात्र जपून. एका मुकादमाला मी 60,000 उचल दिली, 14 माणसं आणली, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका मिलवाल्यानं जास्त दिले न हा सगळ्यांना घेऊन रातोरात गेला. पैसे आलेच नाहीत. तेव्हापासून उचल द्यायची तर थेट माणसाच्या खात्यात, थोडी, लिहून, आणि पगारातून लहान हप्त्यानं. उचलीपायी माणसाला अडकवून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा आहे, आधार कार्ड ठेवून घेणं तर विचारूच नका.

कागदपत्रं: 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळं नेमणूक पत्र सगळ्यांना द्यायचं, मराठीत द्या. ओव्हरटाइम दुप्पट दरानं. 10 माणसं झाली की पॉश कायद्याची (कामाच्या जागी बायांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) अंतर्गत समिती पाहिजे, बाया आहेत म्हटल्यावर ही नुसती कागदावर ठेवू नका.

न पगाराचा वार. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावाच लागतो, पण मी त्यात गावच्या बाजाराचा वार बघतो. आमचा बाजार शनिवारी, तर 7 च्या आत जो शुक्रवार येतो त्या दिवशी सकाळी खात्यात टाकतो, दुपारच्या सुट्टीत बाया बँक मित्राकडून काढून आणतात. एकदा बँकेच्या सुट्टीपायी सोमवार झाला, तर मंगळवारी पाच जणी आल्याच नाहीत.