लिस्बन–माद्रिद: तिकिटावरची वेळ नीट वाचा
लिस्बन ते माद्रिद हे हवाई अंतर साधारण ५१० किलोमीटर. विमान हवेत जेमतेम तासभर असतं. धावपट्टीपर्यंत जाणं-येणं धरून सव्वा ते दीड तास लागतो. खरी मेख घड्याळात आहे. स्पेन पोर्तुगालच्या एक तास पुढे, बाराही महिने. म्हणून लिस्बनहून १० वाजता निघालेलं विमान तिकिटावर १२.२० ला पोहोचतं, आणि माद्रिदहून १० ला निघालेलं चक्क १०.२० ला! प्रवास दोन्हीकडे तेवढाच. तिकिटावर नेहमी त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. माद्रिदला पुढचं विमान पकडायचं असेल तर हा तास आधी हिशोबात धरा. शिवाय ते शेंगेनबाहेर (म्हणजे आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) जाणारं असेल तर पासपोर्ट तपासणीही तिथेच होते, त्यासाठी हाताशी भरपूर वेळ ठेवा.