ट्रायल्सची नवी गाडी घेतल्यावर या चुका टाळा

ट्रायल्स हा मोटरसायकलवरून अवघड वाट पाय न टेकता पार करण्याचा खेळ. त्याच्या गाडीला सीट नसते, पेट्रोलची टाकी जेमतेम दोन-तीन लिटरांची असते आणि टू-स्ट्रोक असेल तर तिचे वजन सत्तर किलोंच्या आसपास भरते. तिच्यावर जे काही करायचे ते उभे राहून, चालण्याच्या वेगाने, ओल्या खडकांवरून आणि ओढ्यातल्या गोट्यांवरून करायचे असते. खुणा लावून आखलेल्या प्रत्येक टप्प्यात, म्हणजे सेक्शनमध्ये, पाय टेकला की गुण चढतात: एकदा टेकला तर १, दोनदा टेकला तर २, त्याहून अधिक वेळा टेकला तर ३, आणि गाडी पडली किंवा खुणांबाहेर गेली तर ५. ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. या खेळात वेगाला आणि ताकदीला किती कमी किंमत आहे, हे एवढ्यावरून लक्षात यायला हरकत नसावी. तरीही नवी गाडी घेणारे लोक पहिल्याच महिन्यात तिच्यात वेग आणि ताकद शोधू लागतात, ती सापडत नाही म्हणून सुटे भाग मागवतात, आणि ज्या गोष्टीला एक पैसाही पडत नाही तिच्याकडे मात्र पाहत नाहीत.

मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशर परगण्यात राहतो. १९७५ साली ट्रायल्सचे पहिले जागतिक विजेतेपद मिळवणारे मार्टिन लॅम्पकिन इथल्याच सिल्सडनचे, आणि १९९७ ते २००३ अशी सलग सात वर्षे तेच विजेतेपद राखणारे डग्गी लॅम्पकिन त्यांचे चिरंजीव. इथल्या साध्या क्लबच्या स्पर्धेतही साठी उलटलेले चालक जुन्या गाड्यांवर शून्य गुणांत सेक्शन पार करताना दिसतात, आणि त्याच सेक्शनमध्ये कोऱ्या गाडीवरचा तरुण पाच गुण घेऊन बाहेर येतो. बरीच वर्षे हे पाहिल्यावर आणि नुकतीच स्वतःसाठी नवी २५० सीसी टू-स्ट्रोक गाडी घेतल्यावर मला वाटते की यातला बहुतेक फरक पहिल्या काही आठवड्यांतल्या सवयींमुळे पडतो.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक टायरमधल्या हवेची. ट्रायल्सच्या मागच्या टायरमध्ये साधारण ४ ते ५ पीएसआय आणि पुढच्या टायरमध्ये ५ ते ६ पीएसआय एवढीच हवा ठेवतात. रस्त्यावरच्या मोटरसायकलमध्ये याच्या पाच-सहा पट हवा असते, त्यामुळे हा आकडा ऐकून नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. पण ट्रायल्सच्या टायरची घडणच अशी असते की हवा कमी असली की तो खडकावर पसरतो, दगडाचा आकार घेतो आणि त्याचे बुटके चौकोनी ठोकळे मोठ्या क्षेत्रावर टेकतात. हवा जास्त असेल तर तोच टायर खडकावर अगदी थोड्या भागावर उभा राहतो आणि थ्रॉटल दिला की जागच्या जागी फिरतो. नवी गाडी बऱ्याचदा वाहतुकीसाठी हवा चढवूनच हातात मिळते, आणि ती तशीच डोंगरावर नेली जाते.

पुण्यात मातीच्या ट्रॅकवर शर्यती केलेला एक तरुण नोकरीनिमित्त इथे आला आणि त्याने हौसेने नवी गाडी घेतली. सरावाला आम्ही एका ओढ्यात उतरलो होतो. इथला वालुकाश्म कोरडा असला तर टायर चांगला धरतो, पण त्यावर शेवाळ आणि पाणी असले की तिथे घाईला क्षमा नसते. कमरेएवढ्या उंचीच्या एका तिरक्या दगडावर त्याचे मागचे चाक पुन्हा पुन्हा घसरत होते, आणि दर वेळी तो आधीपेक्षा अधिक थ्रॉटल देत होता. शेवटी पुढचे चाक उचलले जाऊन गाडी त्याच्या अंगावर आली. सुदैवाने तो बाजूला झाला, पण मागचे मडगार्ड तुटले. संध्याकाळी तो म्हणाला, “दादा, मागचं सस्पेन्शन माझ्या वजनाला कडक पडतंय. मी स्प्रिंग बदलतो.” पुढच्या सरावाला तो खरोखरच नवी स्प्रिंग आणि थ्रॉटलची वेगळी नळी बसवून आला, आणि त्याच दगडावर तसाच घसरला. तेव्हा मी माझा कमी दाबाचा गेज लावून पाहिला. मागच्या टायरमध्ये १२ पीएसआयहून अधिक हवा होती. तो म्हणाला, “पेट्रोल पंपावर मोजून भरली होती.” पंपावरचा गेज शंभरापर्यंतचे आकडे दाखवण्यासाठी असतो. त्यावर चार आणि बारा यांच्यातला फरक भरवशाने वाचता येत नाही. हवा साडेचारवर आणल्यानंतर तो त्याच दगडावरून जवळजवळ आयडलवर, म्हणजे थ्रॉटल जेमतेम देऊन, वर गेला.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण अधीर माणूस एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकाकडे जातो. पुढच्या वेळी त्याने गेज न लावता, अंगठ्याने दाबून पाहून, अंदाजाने हवा सोडली. मागचा टायर ट्यूबलेस असतो आणि त्याची कड केवळ आतल्या हवेच्या दाबाने रिमला धरून राहते. आडव्या उतारावर गाडी कलती असताना टायर दगडाला घासला, कड रिमवरून निसटली, सगळी हवा गेली आणि रिम दगडाच्या धारेवर आपटून तिला पोचा पडला. ती गाडी दीड मैल ढकलत व्हॅनपर्यंत आणावी लागली.

माझी सवय अशी आहे की ० ते १५ पीएसआयचा गेज आणि हातपंप नेहमी सोबत असतो, आणि हवा मी घरी नव्हे तर सरावाच्या जागी, गाडी तिथल्या थंडीत थोडा वेळ उभी राहिल्यावर मोजतो. याला कारण आहे. २० अंश तापमानाच्या गॅरेजमध्ये ४ पीएसआय ठेवलेला टायर ५ अंशांच्या माळरानावर नेला की गेजवर जवळजवळ ३ दिसतात. रस्त्याच्या गाडीत एवढा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण इथे तो एकूण आकड्याच्या पाव हिश्शाइतका असतो. हे मोजायला दोन मिनिटे लागतात, आणि त्यांचा कंटाळा करणाऱ्याने सस्पेन्शनबद्दल माझे मत विचारू नये असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरी चूक क्लचची, आणि ती धोक्याची आहे. गाडी काही दिवस उभी राहिली की तेलात बुडालेल्या क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. नवा मालक थंड गाडीला किक मारतो, क्लच दाबतो, पहिला गिअर टाकतो, आणि क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी पुढे झेपावते. एका स्पर्धेच्या सकाळी वाहनतळावर अशीच एक गाडी समोरच्या व्हॅनच्या मागच्या दारात जाऊन धडकली. दाराशी बसून बूट चढवणारा माणूस क्षणभर आधी उठला होता, म्हणून त्याचे पाय वाचले. त्या चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली नव्हती. ती हँडलबारला गुंडाळून ठेवलेली होती. ती दोरी मनगटाला बांधल्याशिवाय किक मारायची नाही, मग गाडी अंगणातच चालू करायची असली तरी. या बाबतीत मी कोणाचेही दुसरे मत ऐकून घेत नाही.

क्लच मोकळा करण्याची माझी रीत साधी आहे. इंजिन बंद असताना गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये टाकतो, क्लच दाबून धरतो आणि प्लेटा सुटून चाक मोकळे फिरेपर्यंत गाडी मागे-पुढे हलवतो. मग न्यूट्रलमध्ये किक मारून तिला शांतपणे तापू देतो, आणि रेडिएटरचा पंखा एकदा आपोआप फिरलेला पाहिल्याशिवाय सेक्शनकडे जात नाही. पंखा फिरतो की नाही हे चढावर वाफ निघाल्यावर कळण्यात काही अर्थ नाही. गिअरबॉक्सचे तेल थोडेसेच असते आणि सतत अर्धा क्लच वापरल्याने ते लवकर खराब होते, म्हणून निर्मात्याने सांगितलेले तेल मी त्याच्या मुदतीआधीच बदलतो. घरात उरलेले मोटारीचे इंजिन ऑइल त्यात ओतणाऱ्यांना पुढे घसरणारा क्लच मिळतो.

तिसरी चूक खरेदीच्याही आधी होते: विजेत्यांकडे पाहून थेट ३०० सीसीची गाडी घेणे. ट्रायल्सचे नामवंत चालक सॅमी मिलर यांनी १९६४ साली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा ५०० सीसीच्या जड फोर-स्ट्रोक एरियल गाडीवर जिंकली आणि पुढच्याच वर्षी ती २४४ सीसीच्या हलक्या टू-स्ट्रोक बुल्टाकोवर जिंकली. इंजिन निम्म्या आकाराचे झाले तरी दगडांवरून नेण्यासाठी ते पुरेसे होते, हे तेव्हाच दिसले आणि त्यानंतर जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस संपत गेले. नवशिक्याला १२५ किंवा २५० सीसी पुरते. ३०० सीसीची गाडी थ्रॉटलच्या छोट्याशा धक्क्यालाही मोठे उत्तर देते, आणि शिकणाऱ्याच्या मनगटाला असे धक्के अटळ असतात.

पेट्रोलमध्ये तेल जास्त घालू नका. जुन्या येझ्दीच्या सवयीने “थोडं जास्तच असू दे” म्हणणारे आपल्याकडचे लोक मी पाहिले आहेत. निर्मात्याने ८० ला १ सांगितले असेल तर ते लिटरमागे साडेबारा मिलिलिटर होते, आणि तेवढेच मोजून घालावे. मंद गतीने चालणाऱ्या इंजिनात जास्तीचे तेल जळत नाही. प्लग काळा होतो आणि सायलेन्सर तेलाने भरतो.

नव्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजमध्ये, म्हणजे जोडदांड्यांच्या सांध्यांत, पुरेसे ग्रीस असेलच असे गृहीत धरू नका. माझ्या नव्या गाडीची बेअरिंगे मी पहिल्या सरावाआधीच उघडली आणि ग्रीस भरून पुन्हा बसवली. पहिल्या फेरीनंतर स्पोकचा ताण आणि चेन पाहा.

जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नका, निदान एअर बॉक्स (एअर फिल्टरची पेटी) आणि बेअरिंगांच्या दिशेने तरी नाही.

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर हँडलबारला करकचून आवळू नका. पडल्यावर ते जागेवरून फिरले तर वाचतात, न फिरले तर तुटतात. क्लचच्या टाकीत कोणते द्रव घालायचे हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. मिनरल ऑइलच्या जागी ब्रेक फ्लुइड घातले, किंवा त्याउलट केले, तर आतली रबरी सीले खराब होतात.

राहता राहिला सरावाचा प्रश्न. नवी गाडी मिळाली की जो तो मोठा दगड शोधू लागतो, आणि त्याचे व्हिडिओ काढणारा मित्र सोबत असतोच. मी नव्या गाडीवर आधी सपाट गवतावर, आयडलच्या जरा वर, हँडलबार पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना गोल फिरतो. आतल्या बाजूला गाडी कलती ठेवून वजन बाहेरच्या फूटपेगवर टाकायचे, नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या पुढच्या टोकावर ठेवायची, आणि क्लचवर व ब्रेकवर एकच बोट. उजवीकडचे वर्तुळ बहुतेकांना जड जाते, कारण थ्रॉटलचा हात अंगाजवळ येतो आणि मनगट आखडते. म्हणून उजवीकडच्या फेऱ्या डावीकडच्यापेक्षा जास्त घ्याव्यात, आणि पाय न टेकता, थ्रॉटल न हलवता ते वर्तुळ सलग जमू लागले की मग ओढ्याकडे उतरावे.