अल्फार्ड, वेलफायर जपानहून मागवायची तर आधी ऑक्शन शीट वाचायला शिका

अल्फार्ड, म्हणजे टोयोटाची ती सातआठ सीटची मोठी गाडी, मागवायची म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ग्रेड किती, म्हणजे लिलावाच्या तपासणीत गाडीला गुण किती? लिलावात आपल्यासाठी बोली लावणारा एजंट म्हणतो ४.५, की झालं, ॲडव्हान्स पाठवून मोकळे. मग गाडी बंदरात उतरते, कोणीतरी खाली वाकून बघतं, आणि मग मला फोन येतो. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

आधी एक खुलासा. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड अशा उजव्या स्टिअरिंगच्या देशांत राहून जुनी जपानी गाडी मागवणाऱ्यांसाठी हे आहे. भारतात बसून वाचत असाल तर नाद सोडा, तिथे तीन वर्षांहून जुनी गाडी आणताच येत नाही आणि ड्युटी बघितली तर झोप उडेल. तिथे टोयोटा स्वतःच वेलफायर विकते, ऐपत असेल तर सरळ शोरूम गाठा.

मॉडेल निवडणं सोपं आहे, उगाच महिनाभर व्हिडिओ बघत बसू नका. अल्फार्डची पहिली पिढी २००२ ते २००८, दुसरी २००८ ते २०१५, तिसरी २०१५ ते २०२३, त्यानंतरची अजून महाग आहे. वेलफायर २००८ पासूनची, तोंडवळा वेगळा, आतून तीच गाडी. २.४ लिटरचं इंजिन पुरतं पण काही वर्षांतली इंजिनं तेल पितात, डिपस्टिक बघायची सवय नसेल तर घेऊ नका. पहिल्या पिढीच्या ३.० व्ही सिक्सला टायमिंग बेल्ट आहे, एक लाख किलोमीटरला बदलावा लागतो, बदलल्याचा पुरावा नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला. दुसऱ्या पिढीतली ३.५ व्ही सिक्स मला सगळ्यात आवडते, टायमिंग बेल्टऐवजी साखळीचं इंजिन, सहा गिअरचा साधा ऑटोमॅटिक, सीव्हीटीची (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकची) भानगड नाही. पेट्रोल पिते, हो, पिणारच, दोन टनाची गाडी आहे. निसान एल्ग्रँडही वाईट नाही, २०१० पर्यंतची मागच्या चाकांवर चालणारी, नंतरची पुढच्या, पण पार्ट शोधताना टोयोटावाला जास्त सुखी असतो एवढं बघितलंय.

आता खरा विषय. या गाड्या बहुतेक करून जपानी लिलावातून येतात. चिबामधल्या नोदा गावात यूएसएस टोकियोचा लिलाव दर गुरुवारी भरतो, एका दिवसात हजारो गाड्या, एकेका गाडीची बोली काही सेकंदांत संपते. तिथे तुम्ही नसता, तुमचा एजंटही बऱ्याचदा स्क्रीनसमोरच बसलेला असतो. तुमच्या हातात असतो फक्त एक पानाचा कागद, ऑक्शन शीट. लिलाव कंपनीचा इन्स्पेक्टर गाडीभोवती फिरतो, वाकून बघतो, इंजिन चालू करतो आणि लिहितो. तो गाडी हायवेवर नेत नाही, इंजिन उघडत नाही. त्यामुळे गिअर झटका मारतो का, ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं का, हे त्या कागदावर मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नका. पण जे त्याने लिहिलंय ते बहुतेक वेळा प्रामाणिक असतं, आणि तेच आपल्याला कोणी नीट वाचून दाखवत नाही. मलाही सुरुवातीला हा कागद म्हणजे नुसत्या रेघोट्या वाटायच्या, आणि शिकवणारं कोणी नव्हतं, जो तो ग्रेडवर बोट ठेवून पुढे जायचा.

ग्रेडचं एवढंच लक्षात ठेवा. एस आणि ६ म्हणजे जवळपास नवी गाडी, मग ५, ४.५, ४, ३.५, ३ असं खाली. आतल्या भागाला वेगळं अक्षर असतं, ए पासून खाली. किलोमीटर जास्त झाले की गाडी कितीही चकाचक असली तरी वरचा ग्रेड मिळत नाही, म्हणून दीड लाख किलोमीटर चाललेली, नीट सांभाळलेली ३.५ ची गाडी ही कमी चाललेल्या पण बर्फात उभ्या असलेल्या ४.५ पेक्षा शंभर वेळा बरी. ग्रेडमध्ये आर किंवा आरए दिसलं तर ढाच्याची दुरुस्ती झालेली आहे, म्हणजे पिलर, क्रॉसमेंबर, फ्लोअर, छप्पर असलं काहीतरी. दरवाजा, बॉनेट, पुढचं फेंडर बोल्टवर असतात, ते बदलले तरी ती गाडी अपघाताच्या यादीत जात नाही, त्यामुळे ४ ग्रेडच्या गाडीवर बदललेला दरवाजा दिसला तर घाबरू नका, आणि एजंट ‘अपघात नाही’ म्हणाला म्हणून गाडी कुठे ठोकलीच नाही असंही समजू नका.

कागदावर गाडीचं उलगडलेलं चित्र असतं, त्यावर अक्षरं. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, बी म्हणजे पोचा आणि ओरखडा दोन्ही, पुढचा आकडा जितका मोठा तितकं नुकसान मोठं. ए१, यू१ कडे बघूही नका, वीस वर्षं वापरातल्या गाडीवर ते असणारच. एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंज पार आत पोचलाय, एक्स म्हणजे पार्ट बदलायला हवा, डबल एक्स म्हणजे बदललाय. आणि डब्ल्यू. हे अक्षर लोक सोडून देतात आणि मी सगळ्यात आधी तेच शोधतो. डब्ल्यू म्हणजे पत्रा ठोकून रंगवलाय आणि ते नजरेला कळतंय. डब्ल्यू१ दरवाजावर असेल तर ठीक. डब्ल्यू२, डब्ल्यू३ मागच्या क्वार्टर पॅनलवर असेल, म्हणजे सरकत्या दरवाजाच्या मागे चाकावरचा जो पत्रा, तर थांबा. तो पत्रा वेल्डिंगचा असतो. सरकता दरवाजा उघडून आतल्या कडेचे आणि डिकीच्या तळाचे फोटो मागा, फोटो मिळत नसतील तर ती गाडी तुमची नाही.

यापुढचं तर दोनदा वाचा. शीटवर लिखाणाच्या दोन जागा असतात. एक सेल्स पॉइंटची, ती विकणाऱ्याने भरलेली असते: लेदर सीट, ट्विन सनरूफ, मागे मॉनिटर, एकच मालक. दुसरी इन्स्पेक्टरची, बहुतेक खालच्या बाजूला, घाईच्या जपानी अक्षरात. एजंट पहिल्या जागेचं भाषांतर करून पाठवतो आणि दुसरीचं करत नाही, किंवा ‘काही किरकोळ नोंदी’ म्हणून उडवून लावतो. अरे बाबा, गाडी त्या किरकोळ नोंदींतच आहे! मोबाईलचा कॅमेरा रोखून भाषांतर करायला जाल तर हस्ताक्षरापुढे तो गार पडतो. पैसे देऊन जपानी येणाऱ्या माणसाकडून खालचा मजकूर शब्द न् शब्द वाचून घ्या, आणि तो माणूस एजंटचा नसावा. शितामावारी साबी म्हणजे खालून गंज. कोगे म्हणजे सिगारेटने जळालेलं. अमामोरी म्हणजे पाणी गळतं, सनरूफवाल्या गाडीत हा शब्द आला की मी पुढचं वाचतच नाही. किलोमीटरच्या आकड्याशेजारी डॉलर, हॅश किंवा तारा असलं काही चिन्ह असेल तर मीटर बदललाय, शंकास्पद आहे किंवा फिरवलाय, यातलं काहीतरी आहे, कोणतं ते लेखी विचारा.

एका ओळखीच्यांसाठी बघितलेली शीट सांगतो. हेइसेई २२ (जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं वर्ष, हेइसेईच्या वर्षात १९८८ मिळवायचे, म्हणजे २०१०, रेइवा असेल तर २०१८ मिळवा), ३.५ व्ही सिक्स, ग्रेड ४, आतून बी, चित्रावर चारसहा ए१ आणि डाव्या मागच्या बाजूला एकच डब्ल्यू२. एजंटचं भाषांतर एका ओळीचं, उत्तम स्थिती, लेदर, सनरूफ. खाली इन्स्पेक्टरने काय लिहिलं होतं? खालून गंज, डावा पॉवर स्लाइड दरवाजा चालत नाही, ड्रायव्हर सीटला जळाल्याची खूण. आणि लिलावाचं ठिकाण साप्पोरो. डाव्या बाजूचा डब्ल्यू२ आणि डाव्याच बाजूचा न चालणारा दरवाजा, आता हे दोन वेगवेगळे योगायोग आहेत असं ज्याला वाटतं त्याने खुशाल घ्यावी. आम्ही खालचे फोटो मागितले, एजंट म्हणाला वेळ नाही, आज बोली लावा नाहीतर जाईल. जाऊ दिली. दुसऱ्या आठवड्यात तशाच गाड्या परत होत्या, असतातच, ‘परत मिळणार नाही’ हे वाक्य या धंद्यात रोज विकलं जातं.

साप्पोरोचं का सांगितलं, तर ते होक्काइदोत आहे, आणि होक्काइदो, आओमोरी, आकिता, निइगाता या बर्फाच्या भागात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीला खालून खातं. लिलाव कुठे आहे आणि गाडीची नंबर प्लेट कुठल्या भागाची होती, दोन्ही विचारा, कारण बर्फातली गाडी विकायला दक्षिणेत नेणारेही असतात. किलोमीटर पडताळायला निर्यातीचं प्रमाणपत्र मागा, त्यावरचा आकडा शेवटच्या सरकारी तपासणीच्या वेळचा असतो, तो शीटवरच्या आकड्याहून जास्त नसला पाहिजे.

पैशाचं थोडक्यात. बोलीची रक्कम म्हणजे गाडीची किंमत नाही, त्यावर लिलावाची फी, एजंटचं कमिशन, बंदरापर्यंतची वाहतूक, जहाज, विमा, मग तुमच्याकडची ड्युटी आणि कर. कोटेशन एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च) आहे की सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमा धरून) ते आधी स्पष्ट करून घ्या. जपानमधला १० टक्के कन्झम्प्शन टॅक्स निर्यातीवर परत मिळतो आणि भरलेली रिसायकलिंग फीसुद्धा, त्यामुळे कोटेशनमध्ये हे दोन आकडे तुमच्या माथी मारलेले दिसले तर विचारा, बरेच एजंट गप्प राहून खिशात घालतात.

जहाजाचं काही करायचं नसतं. रोरोने, म्हणजे गाड्या चालवत चढवायच्या-उतरवायच्या जहाजाने येते, थांबा.

गाडी आली की सगळी तेलं, कूलंट, फिल्टर बदला, टायरची तारीख बघा, झिज दिसत नसली तरी दहा वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. नवे टायर घेताना लोड इंडेक्स बघा, स्वस्त कार टायर या वजनाला चालत नाही. जपानी गाड्यांना खालून गंजरोधक थर फारसा नसतो, तुमच्या देशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडत असेल तर पहिल्या हिवाळ्याआधी करून घ्या, आणि आधी साफ करून, नाहीतर गंजावर डांबर फासल्यासारखं होतं. मागचा फॉग लॅम्प, मैलांचा स्पीडो वगैरे तुमच्या देशाचा नियम असेल तसं.

नेव्हिगेशन जपानी आहे, जपानी राहणार, नकाशा क्योतोचा दाखवणार. त्यावर पैसे घालवू नका, पण बॅटरी काढायच्या आधी एक बघा, काही टोयोटा सिस्टिम बॅटरी काढली की लॉक होतात आणि मूळ नकाशाचं एसडी कार्ड मागतात, ते कार्ड कोणी काढून टाकलं असेल तर स्क्रीन बंदच. जपानचा एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या रेडिओत ९० ला संपतो, आपल्याकडची बहुतेक स्टेशनं त्याच्यावर. शंभर रुपड्यांचा बँड एक्सपांडर लावून खरखर ऐकत बसण्यापेक्षा हेड युनिट (डॅशमधली म्युझिक सिस्टिम) बदला, फक्त रिव्हर्स कॅमेरा चालू राहील याची खात्री दुकानदाराकडून आधी घ्या. दर वेळी गाडी चालू केली की एक बाई जपानीत काहीतरी सांगते, ती टोलचं कार्ड नाही म्हणून सांगत असते. तो डबा बहुतेक ग्लोव्ह बॉक्सच्या आसपास असतो, वायर काढा.

सरकते दरवाजे ही या गाडीची शान आणि खर्चाची जागा. मुलं हँडल धरून लोंबकळतात, दरवाजा चालू असताना हाताने ढकलतात, मग केबल आणि मोटर जाते. घरात सांगून ठेवा, एकदा ओढा आणि सोडा, बाकीचं तो करतो. आवाज बदलला किंवा मध्येच अडखळला की डॅशवरचं पॉवर डोअरचं मेन स्विच बंद करून हाताने वापरा आणि लवकर दाखवा, तसाच रेटत राहिलात तर साधी साफसफाई होती तिथे मोटर बदलावी लागते.

विमा घेताना अडचण ठरलेली. जपानी गाडीला १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो, छोटा चॅसिस नंबर असतो, ऑनलाइन फॉर्म तो घेतच नाही, फोन करा आणि आयात गाडी आहे हे स्पष्ट सांगा, लपवलंत तर क्लेमच्या वेळी नडेल. पार्ट मागवताना मात्र तोच चॅसिस नंबर सोनं आहे, मॉडेल आणि वर्ष सांगून मागवू नका, चुकीचा येतो. इंजिनाचे पार्ट कॅमरीसारख्या टोयोटांशी बरेच जुळतात, काचा, दिवे, दरवाजाचे पार्ट जपानहूनच. ३.५ ला जपानमध्ये हाय ऑक्टेन पेट्रोल सांगितलेलं आहे, तुमच्याकडेही वरचंच घाला.

आणि घ्यायच्या आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये जा. उंची १.९ मीटरच्या आसपास, रूफ बॉक्स लावला की बऱ्याच बेसमेंट पार्किंगचा विषय संपला. मागचा दरवाजा भलामोठा आहे, भिंतीला पाठ लावून गाडी उभी केली तर तो उघडतच नाही, हे लोकांना पहिल्यांदा सामान काढताना कळतं. तिसरी रांग दोन्ही बाजूंना वर टांगता येते, पण सातही जण बसले तर मागे बॅगांना जागा जेमतेम, आणि एक्झिक्युटिव्ह लाउंज या महागड्या प्रकारातल्या त्या अवाढव्य सीट घेतल्या तर तिसऱ्या रांगेत शिरायला वाट अरुंद होते. आजीआजोबांना मागे बसवायचं असेल तर आठ सीटवालीही बघून घ्या.