ऑनर्स कोर्स सुरू करताय? मग या चुका टाळा

दर वर्षी जून आला की एकदोन फोन ठरलेले असतात. "मॅडम, यंदा आमच्याकडं ऑनर्स सुरू करायचंय, तुमचा सिलॅबस तेवढा पाठवा ना, आठ दिवसांत बोर्ड ऑफ स्टडीजपुढं ठेवायचाय." मी सिलॅबस पाठवत नाही. तुमची पोरं कुठून येतात, घरी काय काम करतात, लायब्ररीत काय आहे, हे विचारते. समोरून उत्तर येत नाही, कारण तिथवर विचारच गेलेला नसतो. सोलापुरात मी अर्थशास्त्र शिकवते, ऑनर्सच्या पोरांबरोबर बरीच वर्षं गेली, आधी कॉलेजचा स्वतःचा जादा कोर्स म्हणून आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीत, आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऑनर्स म्हणजे जास्तीचा पोर्शन असं समजणं. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, डिसेंबर २०२२ चा आराखडा उघडायचा, तीन वर्षांची डिग्री १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून धरलेलं माप) आणि चार वर्षांची ऑनर्स १६० ची हे वाचायचं, आणि मधल्या ४० क्रेडिटच्या जागेत एमएचे पेपर नाव बदलून कोंबायचे. पोरगं वर्षभर नोट्स उतरवतं, पेपर देतं, आणि शेवटी त्याला स्वतःचा एक प्रश्न धड मांडता येत नाही. मग चौथं वर्ष कशासाठी केलं त्यानं? माझी सवय अशी की आधी शेवट ठरवायचा. हा विद्यार्थी बाहेर पडताना स्वतः काय करू शकला पाहिजे ते एका कागदावर साध्या मराठीत चार ओळींत लिहायचं, आणि ज्या पेपरचा त्या चार ओळींशी संबंध नाही तो काढायचा. काढताना सहकारी नाराज होतात, कुणाचा वर्कलोड जातो, हे मला माहितीये. तरी काढा.

दुसरी चूक निवडीची, आणि ही माझ्या हातून झालेली आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या जुन्या कोर्सला आम्ही टक्क्यांची अट ठेवली होती, सत्तरच्या वर असेल तरच प्रवेश. एका वर्षी विषय घेतला विडी कामगार बायकांच्या कमाईचा. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात, पान-तंबाखू कारखान्याच्या ब्रँचमधून आणायचं, घरी वळायचं, मोजून परत द्यायचं. विषय चांगला, पोरं हुशार, उत्साह तर विचारूच नका. प्रश्नावली केली इंग्रजीत, मग घाईघाईत मराठीत केली, आणि मी ती एकदाच वरवर बघून सही केली. पोरं दोन आठवडे उन्हात फिरून १२० फॉर्म भरून घेऊन आली आणि त्यातले जवळपास सगळे वाया गेले. का, तर पहिलाच मोठा प्रश्न होता "तुमचे मासिक उत्पन्न किती?" आता जिची मजुरी हजार विड्यांवर ठरते, जिला कधी पान कमी मिळतं, कधी घरात आजारपण निघतं म्हणून वळणं बंद, ती महिन्याचा आकडा कुठून सांगणार? कुणी आठवड्याचं सांगितलं, कुणी नवऱ्याचं धरून सांगितलं, कुणी पोरांचं तोंड बघून काहीतरी सांगून टाकलं. शिवाय निम्म्या घरांत बोलणं तेलुगूत आणि आमच्या गटात तेलुगू येणारं एकही पोर नाही.

त्याच वर्गात एक मुलगी होती, ६४ टक्केवाली, अटीत बसली नाही म्हणून कोर्सच्या बाहेर. तिची आई विड्या वळायची, आणि शाळेपासून ही पण आईला हातभार लावायची. फॉर्मचा गठ्ठा टेबलावर पडलेला बघून ती सहज म्हणाली, "मॅडम, असं विचारत नसतात. आज किती वळल्या आणि त्यातल्या किती घेतल्या, असं विचारायचं." दोन मिनिटांत तिनं जे सांगितलं ते आम्हाला दोन महिन्यांत सुचलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात मी तिला कोर्समध्ये घेतलं आणि त्यासाठी ऑफिसशी भांडले.

तेव्हापासून निवडीला मी टक्के एकटे धरत नाही. एक पानभर लिहायला लावते, तुझ्या घराजवळची अशी एक गोष्ट सांग जी तुला समजत नाही, आणि मग पंधरा मिनिटं बोलते. आता नव्या आराखड्यात रिसर्चसह ऑनर्सला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, तो नियम आहे, तिथं आपल्या हातात काही नाही. पण साध्या ऑनर्सला ती अट नाही, तिथं रिसर्चवाल्यांच्या १२ क्रेडिटच्या प्रोजेक्टऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे तीन पेपर असतात, आणि त्या पेपरांत फील्डवर्क घालायला कुणी अडवलेलं नाही. रिसर्च न मिळालेली म्हणजे उरलेली पोरं असं धरून त्यांच्या हातात नुसत्या गाईड आणि नोट्स देणं हा अन्याय आहे, मी तर तसं स्पष्ट बोलते मीटिंगमध्ये.

विषय फार मोठा घेणं. "सोलापूरचा स्वातंत्र्यलढा" हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला तेव्हा गिरणीत जाणाऱ्या माणसाचा दिवस कसा बदलला, हा प्रश्न झाला, आता कुठली कागदपत्रं शोधायची ते पोराला कळतं. तसंच "जागतिकीकरण आणि वस्त्रोद्योग" घेणाऱ्या पोराला मी विचारते, तुझ्या गल्लीत यंत्रमाग आहेत ना, मग टॉवेलच्या एका ऑर्डरचा सुतापासून पॅकिंगपर्यंतचा हिशोब मांडून दाखव. ज्या पोराच्या घरात मागाचा खडखडाट चोवीस तास चालू आहे त्यानं नेटवरून साठ पानं उतरवून आणली की मला मनापासून वाईट वाटतं.

प्रोजेक्ट शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलणं. एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२ क्रेडिटचे ३६० तास होतात, ते मार्च-एप्रिलच्या उन्हात कुठून काढणार? माझ्याकडं पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला दोनशे पानी वही मिळते, काय वाचलं, कुणाला भेटलो, काय अडलं, सगळं हातानं त्यात लिहायचं आणि शनिवारी मला दाखवायचं. कुणी म्हणतं गूगल डॉक ठेवा, सोपं पडतं. मला वहीच बरी वाटते, खोडलेलं दिसतं तिच्यात. चॅटजीपीटीनं लिहून आणलेला प्रोजेक्टही वहीसमोर टिकत नाही, कारण मधली पानं कोरी असतात. नुसत्या प्लेजरिझमच्या टक्क्यावर विसंबणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की सॉफ्टवेअर उतरवलेलं पकडतं, न समजलेलं पकडत नाही, ते तोंडी विचारूनच कळतं.

प्रोजेक्टच्या एका गाईड शिक्षकाकडं पंधरा पोरं देऊ नका. पाच बास झाली.

ऑनर्सचे तास संध्याकाळी पाचनंतर लावू नका, अक्कलकोट, मोहोळकडनं एसटीनं येणाऱ्या मुलींना आधी निघावं लागतं आणि मग हजेरी कमी म्हणून त्यांनाच बोलणी बसतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत प्रेझेंटेशन ठेवू नका. एबीसी आयडीवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यावर, क्रेडिट चढले का ते त्याच सेमिस्टरला बघा, वर्षानं नाही.

नव्यानं शिकवायला लागलेल्यांना सगळं एका वर्षात उभं करायची फार घाई असते. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत हा पॅटर्न २०२३-२४ ला आला आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला, म्हणजे पहिल्या बॅचचं चौथं वर्ष अनुक्रमे २०२६-२७ आणि २०२७-२८ ला पडतं. हातात मिळालेला तो वेळ वापरा, तिसऱ्या वर्षापासूनच पोरांना एकेक छोटा प्रश्न देऊन सवय लावा. शॉर्टकट मारून काढलेला कोर्स दोन वर्षांत नुसता कागदावर उरतो, मी असे तीन बघितलेत.

आणि प्रोजेक्ट कपाटात टाकून देणं, ही पण चूकच. विड्यांचा तो सर्व्हे आम्ही पुढच्या वर्षी नव्यानं केला, त्या मुलीनं प्रश्न तयार केले, फॉर्म ६० च भरले पण पक्के. शेवटी दोन पानांचा सारांश मराठीत काढला आणि तिनं तो वस्तीत बसून बायकांना तेलुगूत वाचून दाखवला. ऐकताना एका बाईनं मधेच थांबवलं, म्हणाली, नापास करून काढलेल्या विड्यांचा आकडा तुम्ही कमी लिहिलाय, पावसाळ्यात पान ओलं येतं तेव्हा जास्त जातात, तुम्ही उन्हाळ्यात विचारलंत. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आम्ही ऑगस्टमध्ये परत गेलो, आकडे घेतले, आणि ते पान पुन्हा टाइप केलं.