जुनी जहाजं बघायला पोर्ट्समथला जाताय? या चुका टाळा

मे महिना आला की दादरच्या आमच्या ओळखीतल्या दोन-तीन फॅमिल्या तरी लंडनला निघतात आणि मला फोन येतो, पोर्ट्समथचा, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आरमारी बंदराचा, डॉकयार्ड किती वेळात उरकेल? हा उरकेल शब्दच मला नको वाटतो. मेरी रोझ, व्हिक्टरी आणि वॉरियर या तीन जुन्या युद्धनौका, साडेतीनशे वर्षांचा आरमारी इतिहास एका आवारात आहे, त्याला अख्खा दिवस द्या.

पहिली चूक स्टेशनची. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून ट्रेन पकडलीत की पोर्ट्समथ अँड साउथसी येतं, नाव बघून लोक उतरतात. उतरू नका, पुढचं शेवटचं स्टेशन पोर्ट्समथ हार्बर, तिथून वॉरियरच्या डोलकाठ्या समोरच दिसतात.

दुसरी चूक घाईची, ती मी स्वतः डोळ्यांनी बघितली. मावशी, काका आणि मी गेलो होतो, काकांना संध्याकाळी लंडनला परत जेवायचं होतं म्हणून नुसती पळापळ, मेरी रोझ तर "अर्धीच तर आहे" म्हणून बाहेरूनच सोडायला निघाले होते. अहो, अर्धी आहे म्हणूनच बघायची! 1545 ला बुडाली, जी बाजू चिखलात रुतली ती टिकली, उघडी राहिली ती कुजली, आणि 1982 ला वर काढली. तिच्या म्युझियममध्ये खलाशांच्या लाकडी फण्या आहेत, बारीक दातांच्या, उवा काढायच्या, थेट आजीच्या फणीसारख्या. मावशी त्या काचेपुढून हलेना.

मग व्हिक्टरीवर घाई. जिने म्हणजे शिड्याच, छत इतकं खाली की उंच माणसाने वाकूनच चालायचं. मावशी एका हातात पर्स, एका हातात निऱ्या धरून तोंड पुढे करून उतरायला लागली आणि मधेच अडकली, पाय खालच्या पायरीला पोचेना, मागे रांग. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी पर्स घेतली, तिला उलटं फिरवलं, मग उतरली. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, शिडीकडे तोंड करून उतरा, दोन्ही हात मोकळे, सॅक पाठीवर आणि पंजाबी ड्रेस किंवा पँट घाला. हळू गेलं तरच 1805 ला ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सन गोळी लागून पडला ती जागा नीट बघता येते. तिथे मोठं दुरुस्तीचं काम चालू आहे, बांधकामाचे पडदे बघून परत फिरू नका.

हिल्सच्या चपला नकोत. तिकीट आधी ऑनलाइन काढा. अलायन्स पाणबुडी बघायची असेल तर ती पलीकडे गॉस्पोर्टला आहे, वॉटरबसचा वेळ धरा.

आणि एक चूक आपण मुंबईकर सर्रास करतो, त्रिंकोमाली नावाचं जहाज कोणालाच माहीत नसतं. ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, 1817 ला आपल्या बॉम्बे डॉकयार्डात बांधली, जमशेटजी बोमनजी वाडियांनी, मलबारच्या सागवानाची. अजून पाण्यावर आहे, इंग्लंडच्या उत्तरेला हार्टलपूलमध्ये. आपल्या समुद्रात उभी असायची ती जुनी विक्रांत 2001 पासून म्युझियम होती, 2012 ला बंद झाली, 2014 ला भंगारात गेली आणि माझ्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी ती एकदाही आतून बघितली नाही. ते मला अजून लागतं. उत्तरेला एडिनबर्गचा प्लॅन असेल तर वाटेत एक दिवस हार्टलपूलला थांबा.